भिंतीवर ‘टांगलेला’ कागद

घराच्या भिंतींना नक्षीदार कागद लावण्याची चाल इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. पुष्कळ कुटुंबे हे काम घरच्या घरी करतात. हा कागद खळीने चिकटवायचा असतो. पण इंग्रजीत त्यासाठी ‘हँग’, म्हणजे टांगणे, हे क्रियापद वापरतात! असे का? पूर्वी श्रीमंतांच्या घरी भिंतींवर विणलेली चित्रवस्त्रे टांगीत. पुढे त्यांच्या जागी कागद आला. वस्तू बदलली, शब्द मात्र तोच राहिला.

या कामातले इतर शब्दही असेच बोलके आहेत. प्रत्येकामागे थोडे विज्ञान दडलेले आहे.

‘साइज’ म्हणजे येथे माप नव्हे. कोरडा गिलावा पाणी झपाट्याने शोषतो. खळीतले पाणी भिंतीनेच पिऊन टाकले, तर कागद सरकवून नक्षी जुळवायला वेळ उरत नाही. म्हणून भिंतीला आधी पातळ खळीचा एक हात देतात. तीच साइज. इचलकरंजीत मागावर चढवण्यापूर्वी सुताला खळ देतात, त्या ‘सायझिंग’मधला शब्द हाच.

‘प्लम’ म्हणजे ओळंब्यात असलेले. लॅटिन भाषेत शिशाला प्लंबम म्हणतात आणि ओळंब्याचे वजन पूर्वी शिशाचे असे. घराचा कोपरा सरळ दिसला तरी तो ओळंब्यात असेलच असे नाही. पहिली पट्टी तिरकी लागली की पुढच्या साऱ्या तिरक्या! गुरुत्वाकर्षण मात्र कधी चुकत नाही. म्हणून पहिली रेघ ओळंबा सोडूनच आखतात.

‘ड्रॉप’ म्हणजे छतापासून खालपर्यंतची एक पट्टी. गुंडाळी साधारण १० मीटरची असते. भिंत २.४ मीटर उंच असेल आणि छाटणीसाठी १० सेंटिमीटर जादा धरले, तर एका गुंडाळीत ४ पट्ट्या निघतात. नक्षी जुळवण्यात दर पट्टीमागे आणखी ३० सेंटिमीटर गेले, तर तीनच!

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सोक’, म्हणजे मुरणे. कागदाचे तंतू भिजले की जाडीने फुगतात, लांबीने फारसे वाढत नाहीत. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू गुंडाळीच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे ओला कागद रुंदीला वाढतो. खळ लावून लगेच चिकटवला, तर तो भिंतीवर वाढू लागतो आणि जागा नसल्याने फुगे येतात. म्हणून खळीची बाजू आत घेऊन पट्टी दुमडतात व काही मिनिटे मुरू देतात. पुस्तकासारखी घडी, म्हणून तिला ‘बुकिंग’ म्हणतात. प्रत्येक पट्टी सारखाच वेळ मुरवावी लागते. नाहीतर रुंदी कमीजास्त होऊन नक्षी जुळत नाही.

आता बाजारात कृत्रिम तंतू मिसळलेले कागदही मिळतात. ते पाण्याने फारसे वाढत नाहीत, म्हणून खळ थेट भिंतीलाच लावतात. तेथे मुरवणे नाही.

तंतूंची ही करामत तुम्हालाही पाहता येईल. पातळ कागदाचा ५ सेंटिमीटरचा चौकोन कापून अलगद पाण्यावर ठेवा. खालची बाजू आधी भिजून पसरेल आणि कागद पन्हळीसारखा वळेल. ती पन्हळ ज्या दिशेला लांब, त्याच दिशेला कागदाचे तंतू! आता चौकोन आणखी एका कागदातून कापा आणि दिशा आधी ओळखता येते का, पाहा.