जुना पियानो, आजचे कान

श्रोतेहो, वर्ध्यात बसून आपण शोपँ ऐकतो तो बहुधा आजच्या भल्यामोठ्या पियानोवरचा. पण हा रोमँटिक काळातला संगीतकार वारला १८४९ मध्ये. त्याचा आवडता प्लेयेल पियानो निराळा होता. तारांवर ताण कमी, हातोड्या हलक्या, स्वर लवकर विरणारा.

वॉर्सातल्या शोपँ संस्थेनं १८४८ च्या प्लेयेलवर ध्वनिमुद्रणं केली आहेत. ती ऐकली आणि आमचं एक कोडं सुटलं. शोपँ काही ठिकाणी पेडल बराच वेळ दाबून ठेवायला सांगतो. आजच्या पियानोवर तसं केलं की स्वरांचा गलका होतो, म्हणून काही वादक ती खूण पाळत नाहीत. जुन्या पियानोवर मात्र आधीचे स्वर विरतात, नवा स्वर स्वच्छ राहतो. म्हणजे खूण चुकीची नव्हती, वाद्य बदललं होतं!

मग हाच 'खरा' शोपँ का? जरा थांबू. बालगंधर्वांची पदं उद्या कुणी जुन्या ऑर्गनच्या साथीनं गायली, तरी आपले कान त्या काळातले होणार नाहीत. मधली शंभर वर्षं त्यांत मुरलेली आहेत. जुनं वाद्य आपल्याला मागं नेत नाही. लिहिणाऱ्यानं तसं का लिहिलं, एवढं उमगतं. आम्हाला तेवढं पुरेसं वाटतं.