ट्रॅक्टरचा हूक बदलताना

भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद असो की कारखान्याकडे निघालेला ऊस, हिंगोली जिल्ह्यातील शेतमालाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टरच्या हुकावर, म्हणजे ट्रॉलीची दांडी पिनेने अडकवण्याच्या मागील जोडावर, अवलंबून असते. हा जोड मागील आसापेक्षा उंच बसवला, तर ओढीचा जोर ट्रॅक्टरला मागे उलथवू पाहतो, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा सुटतो आणि चढावर ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे जोडाची उंची न पाहता, जाड लोखंडाचा हूक म्हणजे अधिक ओढक्षमता, हा समज खरोखर घातक आहे.

हूक बदलताना वॉरंटीचाही विचार करावा लागतो. वॉरंटी, म्हणजे ठरावीक मुदतीत सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याची उत्पादकाची लेखी हमी, बहुधा अनधिकृत फेरबदलांमुळे झालेले नुकसान वगळते. म्हणून हूक वेल्डिंग करून बसवल्यानंतर मागील आसाच्या आवरणाला तडा गेल्यास वाद उद्भवतो, मात्र स्टार्टरच्या बिघाडाशी त्या हुकाचा संबंध जोडणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी नकाराचे कारण लेखी मागावे. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणाऱ्या शेतकऱ्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. शिवाय वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 मनाई करते.