गर्भ कुठे रुजला, हे आधी पाहा

पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात आनंद होतो. पण दिवस गेलेत एवढंच ती पट्टी सांगते. गर्भ कुठे रुजलाय ते सांगत नाही. साधारण शंभरातल्या एक ते दोन गरोदरपणांत तो गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजतो. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनळीत सापडतात. हा लेख उरलेल्या दुर्मीळ जागांविषयी आहे. म्हसवडसारख्या गावाहून सातारा, कराड किंवा मिरज गाठायचं म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता, म्हणून माणदेशातल्या बाईला ही माहिती शहरातल्या बाईपेक्षा जास्त गरजेची आहे.

त्याआधी नेहमीच्या जागेविषयी थोडं. नळीतल्या गर्भावरचे उपाय बहुतेक डॉक्टरांच्या हातचे आहेत. १८८३ मध्ये लॉसन टेट यांनी फुटलेली नळी काढून रुग्ण वाचवली, तिथून शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. आज दुर्बिणीतून तेच काम होतं. लवकर कळलं तर मेथोट्रेक्सेट या औषधाचं इंजेक्शनही पुरतं. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तातलं एचसीजी (गरोदरपणाचं संप्रेरक) तपासतात. या दोन तपासण्यांमध्ये ते १५ टक्के तरी उतरायला हवं. गर्भाचे ठोके दिसत असतील, एचसीजी फार चढलेलं असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा मार्ग सहसा टाळतात. इंजेक्शननंतर फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद, आणि तीन महिने तरी दिवस राहू द्यायचे नाहीत.

दुर्मीळ जागांचं गणित वेगळं असतं. नळी गर्भाशयाच्या भिंतीतून जाते त्या कोपऱ्यात गर्भ बसला, तर स्नायू ताणत राहतो, लक्षणं उशिरा दिसतात आणि फुटलं की रक्तस्राव भयंकर होतो. तिथे इंजेक्शन किंवा तो कोपरा कापून शिवणं, हे पर्याय. अंडाशयातला गर्भ दुर्बिणीतून काढून बहुधा अंडाशय राखता येतं. गर्भाशयमुखातल्या गर्भासाठी पूर्वी गर्भाशयाची पिशवीच काढावी लागे. आता मेथोट्रेक्सेट, ठोके असतील तर गर्भपिशवीत पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या बंद करणं किंवा फुग्याचा दाब यांवर पिशवी वाचते. एक गर्भ आत आणि एक बाहेर असेल, तर आतलं बाळ हवं असताना मेथोट्रेक्सेट देता येत नाही. बाहेरचा शस्त्रक्रियेनेच काढतात किंवा थेट त्यातच पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन देतात.

सगळ्यात लक्ष द्यायला हवं ते सिझेरियनच्या व्रणातल्या गर्भाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झालं. व्रण वाढले तसा हा धोकाही वाढणार. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पोकळी रिकामी दिसते, मुखही रिकामं, आणि पुढच्या बाजूला खाली, जुन्या टाक्याच्या जागी गर्भाची पिशवी. तिच्यात आणि मूत्राशयात स्नायूचा पातळसा पदर. हे न ओळखता नेहमीसारखं क्युरेटिंग केलं तर रक्त थांबत नाही. सोनोग्राफीत पाहत-पाहत हलक्या हाताने खेचून काढणं, फुग्याचा दाब किंवा दुर्बिणीतून काढून व्रण नव्याने शिवणं, हे त्यावरचे मार्ग.

पोटाच्या पोकळीत वाढलेल्या गर्भासाठी पोट उघडावंच लागतं. वार आतड्यांना किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असेल, तर ती ओढून काढण्यापेक्षा आतच ठेवणं सुरक्षित ठरतं. २०१४ मध्ये नागपूरच्या एनकेपी साळवे वैद्यकीय संस्थेत मध्य प्रदेशातल्या साठ वर्षांच्या बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढला. तो ३६ वर्षं आत होता. वेळेवर उपचार पोचले नाहीत तर बाईला किती सोसावं लागतं, हे यातून कळतं.

या सगळ्या पर्यायांत पिशवी राखणारे बहुतेक उपाय लवकर निदान झालं तरच हाती राहतात. म्हणून पाळी चुकल्यावर, शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा आणि ‘गर्भ कुठे बसलाय?’ हे डॉक्टरांना विचारा. आधी सिझेरियन, नळीचं ऑपरेशन किंवा अस्थानी (पोकळीबाहेर रुजलेला) गर्भ झालेला असेल, तर हे आधीच सांगा. अंगावरून जाणं, ओटीपोटात एका बाजूला कळ, भोवळ, खांद्यात दुखणं यांतलं काही झालं तर थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. आशाताईंनी, सासूबाईंनी, आणि मुलुखाबाहेर गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) दुकानात असलेल्या नवऱ्यांनीही एवढं पाठच करून ठेवावं.