टिटवी, समुद्र आणि अभ्यासाचं पहिलं पान

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन तुटला, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. थोडं आवरलंय, बाकी बोललो तसंच आहे.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. एमपीएससीची पुस्तकं आणून महिना झाला, पण पहिलं पान उघडलं की छातीत धस्स होतं. पुढचा प्रश्न असा: "दादा, देवावर माझा विश्वास आहे. पण अशा वेळी त्या विश्वासाचं नेमकं करायचं काय?"

प्रश्न भारी आहे. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आहे. शाळेत आपण पसायदान पाठ करतो, म्हणजे ग्रंथाचा शेवट. सुरुवातीकडे फारसं कुणी बघत नाही.

काम केवढं होतं बघा. गीतेचे 700 श्लोक संस्कृतात, आणि त्यांचा अर्थ साध्या माणसाच्या मराठीत सांगायचा. ग्रंथ पूर्ण झाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात. परंपरेने सांगितलेलं जन्मसाल धरलं तर ज्ञानेश्वर तेव्हा पंधरा वर्षांचे. शेवटी ओव्या झाल्या सुमारे 9000. पहिल्या अध्यायात पावणेतीनशेच्या आसपास आणि अठराव्यात अठराशेहून जास्त! प्रोजेक्टचा स्कोप शेवटी फुगतो म्हणून आम्ही इंजिनिअर रडत असतो, ते आठवलं.

आता एवढं काम हातात घेताना हा मुलगा काय बोलतो? "मी करून दाखवीन" वगैरे अजिबात नाही. तो म्हणतो, लेकरू बोबडं बोललं तरी आईबापांना आनंदच होतो, तसं तुम्ही मला सांभाळून घ्या. पण गीतेचा अर्थ पकडायला निघालोय, हा माझा अपराधच आहे. सूर्यापुढे काजव्याने काय चमकावं! आणि मग ती टिटवी येते. चोचीने समुद्र मोजायला निघालेली टिटवी, तसा मी नेणता इथे उतरलोय, असं तो स्वतःबद्दल सांगतो.

मला यातली गंमत अशी वाटते की तो भीती लपवत नाही, लहानही करून सांगत नाही. मोटिव्हेशनल रील आपल्याला सांगतं की समुद्र छोटाच आहे. आपल्याला आतून माहीत असतं की तो छोटा नाही, म्हणून ते रील दहा मिनिटांत उतरतं.

पण एक आधार आहे, असं तो पुढे म्हणतो. श्रीगुरू, म्हणजे त्याचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ, अनुकूल आहेत. लोखंडाचं सोनं होतं ते परिसाच्या ताकदीने. सरस्वती प्रसन्न झाली तर मुकाही बोलतो. कामाचं मोठेपण तेवढंच राहतं, फक्त सगळा भार आपल्या एकट्याच्या ताकदीवर उरत नाही. आणि या ओव्यांत "माझं नाव होऊ दे" असं मागणं कुठेच नाही. आपल्या नवसात बहुतेक वेळा निकालाचीच बोलणी असतात, नाही का?

मग तो श्रोत्यांना विनंती करतो: कमी पडेल ते पुरं करून घ्या, जास्त होईल ते काढून टाका. मला तर हे सरळ कोड रिव्ह्यू मागण्यासारखं वाटतं. पहिलं वाक्य सांगायच्या आधीच त्याने चुकीला जागा ठेवली आहे. देवावर भरवसा ठेवायचा पण कुणाला उत्तरपत्रिका दाखवायची नाही, असं त्याने केलेलं नाही.

तर मित्रा, तुझ्यासाठी. पान उघडण्याआधी मोठ्याने सांग की हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही. मग तुझा जो आधार असेल, विठोबा, स्वामी, आजीने शिकवलेलं स्तोत्र, त्याचं नाव घे. पहिल्या आठवड्यातच लिहिलेलं उत्तर कुणालातरी तपासायला दे. देव न मानणाऱ्यांना मधली पायरी जमेल की नाही, ते त्यांनी ठरवावं. मी ओढून ताणून जमवणार नाही. अर्थात, दडपण इतकं असेल की झोप, जेवण गेलंय, तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशीही बोल.

आणि हे सगळं लांबवू नकोस. ज्ञानेश्वरांचं हे आर्जव चालू असताना निवृत्तिनाथ त्यांना थांबवतात. म्हणतात, राहू दे, हे बोलायची गरज नाही, आता चटकन ग्रंथाकडे लक्ष दे. तिथून थोड्याच ओव्यांत मुलांच्या मायेत अडकलेला धृतराष्ट्र संजयाला विचारू लागतो, कुरुक्षेत्रावर काय चाललंय, सांग.