पाठीवरचें एंजिन

गेल्या दिवाळींत फराळाचीं ताटें उचलण्यापूर्वींच आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, आपण पुन्हां पॅरामोटर चालविणार. ‘पुन्हां’ या शब्दानें माजघरांतील बोलणें थांबलें. त्याच्या उजव्या हाताचीं दोन बोटें मधल्या पेरापासून नाहींत, आणि तीं कशीं गेलीं हें घरांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. आमची भावजय उठून आंत गेली. बंधु आमच्याकडे पाहूं लागले. घरांत वडीलपण आमच्याकडे, म्हणून निर्णयहि आमच्याकडे. परंतु ज्या विषयांतलें आपणांस ओ कीं ठो कळत नाहीं, त्यास ‘नको’ म्हणणें हें ‘हो’ म्हणण्याइतकेंच सोपें व तितकेंच बेजबाबदारपणाचें, असें वाटून आम्हीं चार महिन्यांची मुदत मागून घेतली. त्या चार महिन्यांत जें वाचलें, पाहिलें व विचारलें तें येथें देत आहों. कारण असे चिरंजीव आतां इतरहि घरांत निघूं लागले आहेत.

पॅरामोटर म्हणजे वर पॅराग्लायडरचा कापडी पंख आणि पाठीवर लहानसें एंजिन व त्यानें फिरणारा पंखा. चाकें नाहींत, धांवून उडावयाचें व पायांवरच उतरावयाचें. हें नांव १९८० सालीं इंग्लंडांतील माइक बर्न यांनीं प्रथम योजिलें. पुढें १९८६ च्या सुमारास फ्रान्समध्यें पॅराग्लायडरला एंजिन जोडूं लागल्यावर तें रूढ झालें. येथें आमचे कांहीं स्नेही ‘वैमानिक शास्त्रा’चें नांव घेतल्यावांचून राहत नाहींत. आम्हीं उभा जन्म संस्कृत शिकविलें, म्हणून सांगण्याचा अधिकार घेतों : बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं १९७४ सालीं तो ग्रंथ तपासला, तो विसाव्या शतकांतला ठरला व त्यांतील विमानें उडण्यास असमर्थ ठरलीं. तो विषय तेथेंच ठेवूं.

एंजिनापासून आरंभ करूं, कारण तरुणांचें सारें लक्ष तेथेंच असतें. हें बहुधा टू-स्ट्रोक जातीचें असतें. ज्यांनीं जुन्या स्कूटरमध्यें पेट्रोलबरोबर तेल घालून घेतलें आहे त्यांस निराळें सांगणें नको. इटलींतील व्हित्तोराझी कंपनीचें मॉस्टर १८५ हें सुप्रसिद्ध एंजिन १८५ सी. सी. चें असून सुमारें २५ अश्वशक्ति देतें. सांगाडा व हार्नेस धरून अशा यंत्राचें ओझें २० ते ३० किलो भरतें. टू-स्ट्रोकला वंगणाची निराळी व्यवस्था नसते. पेट्रोलांत मिसळलेलें तेल तेंच वंगण. उत्पादकाच्या पुस्तकांत अडीच टक्के लिहिलें असेल तर दहा लिटर पेट्रोलांत २५० मिलिलिटर तेल, मापाच्या भांड्यानें मोजून. स्वयंपाकघरांतल्या अंदाजानें नव्हे. डब्यावर मिसळल्याची तारीख लिहावी व आठवडेच्या आठवडे उरलेलें मिश्रण वापरूं नये.

याहून नाजूक गोष्ट कार्ब्युरेटरची. त्याचा स्क्रू किंचित् अधिक पिळला कीं मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें, आणि मौज अशी कीं, तेवढ्यापुरतें एंजिन अधिक झोकांत चालतें. नवशिका खूष होतो. वस्तुतः पेट्रोल कमी म्हणजे त्याबरोबर जाणारें तेलहि कमी, आणि उष्णता मात्र अधिक. पिस्टन फुगून सिलिंडरांत आवळला जातो व एंजिन हवेंतच बंद पडतें. आतां आपल्याकडील पंपांवर वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल मिळतें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, कार्ब्युरेटरांतील रबरी पडद्यांस बाधतें, आणि त्यानें मिश्रणहि थोडें अधिक पातळ होतें. म्हणून पडदे वेळेवर बदलावे, उड्डाण संपल्यावर टाकी रिकामी करावी, आणि स्क्रू जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावा.

एंजिन बंद पडणें हा मात्र अनर्थ नव्हे. पंख वर पसरलेला असतो. माणूस हळूहळू तरंगत खालीं येतो. अट एवढीच कीं, खालीं उतरण्याजोगी जागा हवी. ऊंस, विजेच्या तारा, धरणाचें पाणी यांवरून उडतांना ‘आतां एंजिन थांबलें तर कोठें?’ या प्रश्नास प्रत्येक क्षणीं उत्तर तयार असावें. पाण्याचें भय सर्वांत मोठें. पाठीवरचें ओझें व पट्टे यांतून सुटतां न आल्यानें चांगले पोहणारेहि बुडाले आहेत. कोंकणच्या किनाऱ्यावर उडावयाचें असेल तर पाण्यांत पडतांच आपोआप फुगणारी पिशवी सांगाड्याला लावलीच पाहिजे.

खरें भय जमिनीवर आहे. आमच्या पुतण्यानें आपलें पहिलें यंत्र एका गृहस्थाकडून जुनें घेतलें होतें. तें त्यानें शेतांत जमिनीवर उभें केलें, डाव्या हातानें सांगाडा धरला व उजव्या हातानें दोरी ओढली. थ्रॉटलची तार आंत अडकून अर्धी उघडीच राहिलेली होती. एंजिन लागतांच यंत्र पुढें झेंपावलें, त्यानें तें आवरण्यास दुसरा हात घातला, आणि बोटें जाळींतून आंत गेलीं. अमेरिकेंतील १९९५ ते २०१२ या काळांतील ३८४ अपघातांच्या नोंदींचा जो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत सर्वाधिक इजा हातांनाच झालेल्या आढळल्या व फिरता पंखा हें एक मोठें कारण दिसलें. तो वाचून आमच्या बंधूंनीं चष्मा काढून ठेवला.

यास्तव दोरी ओढण्यापूर्वीं थ्रॉटल पूर्ण सुटतो कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. बंद करण्याची कळ हातांत असावी, व ती चालते याची खात्री रोज करावी. शक्य तर यंत्र पाठीवर बांधूनच सुरू करावें; जमिनीवर करणें भागच असेल तर जाणत्या साहाय्यकानें सांगाडा घट्ट धरावा. पंख्याच्या रेषेंत कोणीहि, विशेषतः पाहावयास जमलेलीं मुलें, उभीं राहूं नयेत. थ्रॉटल डाव्या हाताचाहि मिळतो. आमच्या पुतण्यानें आतां तोच घेतला आहे.

पंखाविषयीं थोडक्यांत. तो माणसाच्या वजनावर नव्हे, एकंदर वजनावर निवडावयाचा. आमचा मुलगा ६८ किलो, एंजिन व हार्नेस २७, दहा लिटर पेट्रोल ७, पंख, शिरस्त्राण व इतर ८, मिळून ११०. युरोपीय परीक्षेंत ए पासून डी पर्यंत वर्ग आहेत. नवशिक्यानें ए वर्गच घ्यावा, मित्र कांहींहि म्हणोत. आपत्कालीन छत्री वर्षांतून एकदां उघडून पुन्हां घडी करून घ्यावी, आणि ती फेंकण्यापूर्वीं एंजिन बंद करावें. नाहीं तर पंखा तिच्या दोऱ्याच गुंडाळून घेतो. उडतांना पाय सुटले न सुटले तोंच बसावयाची घाई, व पूर्ण थ्रॉटल देऊन ब्रेकहि ओढून धरणें, या दोन चुका फार वेळां घडतात.

एंजिन घेण्यापूर्वीं नुसता पंख सांभाळण्यास शिकावें. कामशेतच्या टेकड्यांवर ही सोय आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. सूर्योदयानंतरचा व सूर्यास्तापूर्वींचा काळ बरा, दुपारचा नव्हे. तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत नवशिक्यास झेपत नाहींत. कायद्याचीहि चौकशी आधीं करावी. पुण्याला लोहगांवचा हवाई दलाचा तळ आहे, आणि मुंबईंत पोलीस वेळोवेळीं अशा उड्डाणांस मनाईचे हुकूम काढतात.

चार महिने संपले तेव्हां हें सर्व आम्हीं घरांत वाचून दाखविलें. भावजयीनें शेवटपर्यंत ऐकलें व विचारलें, “भावजी, एवढें सगळें केलें तर त्याला कांहीं होणार नाहीं ना?” आम्ही खोटें बोललों नाहीं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जाऊं दे. पण तुम्ही बरोबर असाल तरच.”

तेव्हांपासून दर रविवारीं पहांटे साडेचारला आम्ही थर्मास व वारा मोजण्याचें यंत्र घेऊन गाडींत बसतों. बंद करण्याची कळ आम्हीच तपासतों. गेल्या खेपेस मैदानावर वारा ताशीं अठरा किलोमीटर भरला. आम्हीं ठरविलेली मर्यादा पंधराची. “नाना, तीनच तर जास्त आहे,” असें तो एकदां म्हणाला, पण एंजिन त्यानें गाडींतून काढलें नाहीं. वाटेंत मिसळ खाऊन आम्ही नऊ वाजतां घरीं आलों, तेव्हां भावजय दारांतच उभी होती.