गाण्याचे वेष्टन

गाणे कानी पडण्यापूर्वी डोळ्यांना दिसते, हे संगीताच्या बाजारपेठेत वावरणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. परंतु ते कोणत्या रंगांत, कोणत्या वळणाच्या अक्षरांत आणि किती मजकुराच्या सोबतीने दिसावे, याचे पद्धतशीर शिक्षण सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना शाळेतच द्यावे, ही कल्पना आपल्याकडील वाचकाला काहीशी नवलाची वाटेल. इंग्लंडात मात्र ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेऊन ‘ए-लेव्हल’च्या परीक्षेस बसणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांनी हे काम रीतसर गुणांसाठी केले आहे. ‘ओसीआर’ या परीक्षामंडळाच्या, २००८ साली सुरू झालेल्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षासाठी एक तरतूद अशी होती की, विद्यार्थ्याने एखाद्या गीतसंग्रहाच्या प्रकाशनासाठी संपूर्ण प्रसिद्धिसंच तयार करावा: मुख्य कृती म्हणून गाण्याची चित्रफीत, आणि तिच्या जोडीला संकेतस्थळाचे मुख्य पान, तबकडीचे पुठ्ठ्याचे वेष्टन व नियतकालिकातील जाहिरात या तिहींपैकी कोणत्याही दोन गोष्टी. एकूण १०० गुणांपैकी चित्रफितीला ४०, जोडकृतींना प्रत्येकी १० आणि उरलेले पूर्वतयारीला व मूल्यमापनाला, अशी गुणांची वाटणी होती.

गुणांची ही वाटणी पाहून बहुतेक विद्यार्थी आपला सारा वेळ चित्रफितीवर खर्च करीत आणि मुदत संपत आली म्हणजे तिच्यातलेच एखादे स्थिरचित्र उचलून, त्यावर कलावंताचे नाव टाकून वेष्टनाचा प्रश्न निकालात काढीत, हे मनुष्यस्वभावाला धरूनच होते. परंतु या अभ्यासाचे मर्म जर कोठे असेल, तर ते दहा-दहा गुणांच्या त्या दोन लहान कामांतच आहे. कारण चित्रफीत तीन-चार मिनिटे प्रेक्षकाला धरून ठेवू शकते, तर वेष्टनाला आणि जाहिरातीला जे सांगायचे ते एका दृष्टिक्षेपात सांगावे लागते, आणि त्याहून कठीण असे की, दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगावी लागते.

या कलेला मोठा इतिहास आहे असे नाही. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत ध्वनिमुद्रिका साध्या कागदी पाकिटांत किंवा वहीसारख्या बांधलेल्या, रंगहीन पुठ्ठ्याच्या संचांत विकल्या जात. १९३८ साली अमेरिकेतील ‘कोलंबिया’ कंपनीने पंचविशीच्या आतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुणास कलासंचालक नेमले, आणि त्याने मालकांपुढे सूचना मांडली की, आवरणावर चित्र असावे. रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गीतांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरील अक्षरे बदलवून घेतली, आणि संचाचे नाव झळकत असलेल्या त्या प्रकाशमान फलकाचे छायाचित्रच मुखपृष्ठावर छापले. १९४८ मध्ये त्याच कंपनीने बारा इंची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली, तेव्हा चित्रकाराच्या हाती सुमारे एक फूट लांबीरुंदीचा चौरस आला. आणि पुढील तीन दशकांत त्या चौरसावर ब्रिटनमध्ये जे काही घडले, त्यात तेथील कलाशाळांचा वाटा फार मोठा आहे.

बीटल्स या चौकडीच्या ‘सार्जंट पेपर’ या १९६७ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याने रचले. त्यावर थोरामोठ्यांची जी गर्दी उभी आहे, तीत परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी आहेत. महात्मा गांधींचीही आकृती मूळ मांडणीत होती, परंतु भारतीय ग्राहक दुखावला जाईल या धास्तीने ‘ईएमआय’ कंपनीच्या प्रमुखांनी हरकत घेतली आणि ती आकृती काढून टाकण्यात आली. वेष्टन हे चित्र असते तसाच तो व्यवहाराचा दस्तऐवजही असतो, आणि त्यावर चित्रकाराइतकाच विक्रेत्याचाही हक्क चालतो, हे विद्यार्थ्याला पटवून देण्यास याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

दुसरा दाखला आपल्या अधिक जवळचा आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा पुढे लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात आरेखन शिकला आणि फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झाला. ‘क्वीन’ या आपल्या वाद्यवृंदाचे राजचिन्ह त्याने स्वतःच रेखाटले: चौघा वादकांच्या जन्मराशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या, व त्यांवर पंख पसरलेला पक्षी. वेष्टनावरील छायाचित्रे दर ध्वनिमुद्रिकेगणिक बदलत गेली, तरी असे एखादे चिन्ह हाताशी असले म्हणजे ओळख कायम राहते, ही समज त्याला कलाशाळेच्या शिक्षणातून आली असावी असे मानण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. १९८२ साली बारा सेंटिमीटर व्यासाची सीडी आली आणि चित्रकाराच्या चौरसाचे क्षेत्रफळ जुन्याच्या सातव्या हिश्श्याएवढे उरले. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीऐवजी जाड पुठ्ठ्याची घडी करून, तिच्या आत तबकडीसाठी प्लास्टिकचे तबक चिकटवले म्हणजे जो प्रकार तयार होतो, त्यास ‘डिजिपॅक’ म्हणतात. त्याचे चार अथवा सहा फलक असतात, आणि विद्यार्थ्याची पहिली परीक्षा येथेच होते. कारण संगणकाच्या पडद्यावर सपाट मांडलेले हे फलक घडी घातल्यावर कोणाच्या पाठीला कोण येईल आणि कोणता उलटा होईल, याचा अंदाज साधा कोरा कागद कापून, घडी घालून पाहिल्याखेरीज येत नाही. मुखपृष्ठावर चित्र आणि नाव. कण्यावर कलावंताचे व संग्रहाचे नाव, म्हणजे फळीवर उभ्या लावलेल्या रांगेतून ते वाचता यावे. मलपृष्ठावर गीतांची अनुक्रमणिका, बारकोड, कंपनीची नाममुद्रा आणि हक्कांचा मजकूर. आतल्या फलकांवर आभार, श्रेयनामावली किंवा केवळ वातावरण निर्माण करणारी चित्रे. आणि तबकडी उचलल्यावरच दिसणारी तबकाखालची जागा. हक्कांच्या मजकुरात वर्तुळातील ‘सी’ हे अक्षर चित्र व मजकुराच्या हक्कासाठी, तर वर्तुळातील ‘पी’ हे ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी असते, आणि १९६१ च्या रोम करारात या दुसऱ्या चिन्हाशेजारी प्रथम प्रकाशनाचे वर्ष देण्याची तरतूद आहे. हे बारीकसे अक्षर गाळले गेले की, चित्र कितीही सुरेख असो, वेष्टन खरे वाटत नाही.

छपाईचे शिरस्तेही असेच निमूटपणे पाळावे लागतात. पडद्यावरील लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे रंग छापखान्याच्या चार शायांत उतरताना मंदावतात. चित्राची घनता प्रत्यक्ष छपाईच्या आकारात इंचास ३०० बिंदू नसेल तर चेहरे धुरकट होतात. आणि कापणीच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर रंग वाढवून ठेवला नाही, तर यंत्राची सुरी किंचित सरकताच कडेला पांढरी किनार उघडी पडते.

जाहिरातीचे काम वरवर पाहता सोपे, कारण मुखपृष्ठ आयते हाताशी असते. परंतु वेष्टन चौरस आणि नियतकालिकाचे पान उभे. २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच पानावर चौरस पूर्ण रुंदीने बसवला, तर ८७ मिलिमीटर उंचीची पट्टी मोकळी राहते, आणि या पट्टीत कलावंताचे नाव, संग्रहाचे नाव, प्रकाशनाची तारीख, गाजलेल्या एक-दोन गीतांचा उल्लेख, समीक्षकांचे तारे, संकेतस्थळ आणि कंपनीची मुद्रा एवढे सगळे कोंबण्याचा मोह नवशिक्याला आवरत नाही. येथे निवड करावी लागते. ‘केरँग’ या नियतकालिकाच्या ‘हेवी मेटल’ ऐकणाऱ्या वाचकाला जो काळा-लाल भडकपणा भावतो, तो ‘मोजो’च्या जुन्या संगीतात रमणाऱ्या प्रौढ वाचकाला खटकेल, म्हणून कोणत्या नियतकालिकासाठी जाहिरात करायची ते आधी ठरवून मगच मांडणी करावी, हे उत्तम. आणि काय वगळले तरी नाव आणि तारीख वगळून चालत नाही, कारण जाहिरात ही पाहण्यासाठी असली तरी दुकानापर्यंत पोचवण्यासाठी आहे.

नियम मोडण्याचा प्रश्न येतो तो येथेच. मँचेस्टर पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेल्या पीटर सॅव्हिलने १९७९ साली ‘जॉय डिव्हिजन’ या वाद्यवृंदाच्या ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्याच संग्रहाच्या दर्शनी बाजूवर ना वाद्यवृंदाचे नाव छापले ना संग्रहाचे. एका वादकाने खगोलशास्त्राच्या कोशात पाहिलेला, जॉसलिन बेल यांनी १९६७ मध्ये शोधलेल्या पहिल्या स्पंदक ताऱ्याचा आलेख, मुळात पांढऱ्यावर काळा होता तो काळ्यावर पांढरा करून, एवढेच काय ते मुखपृष्ठ. विद्यार्थी याचे अनुकरण हौसेने करतात, आणि तशी मुभा त्यांना आहेही. परंतु वेष्टनाने जे सांगण्याचे नाकारले, ते सांगण्याची जबाबदारी जाहिरातीवर पडते, आणि दोन्हीकडे मौन पाळले तर ग्राहकाला मागावे काय, हेच कळणार नाही.

म्हणूनच मूल्यमापनासाठी मंडळाने जे चार प्रश्न ठरवून दिले होते, त्यांतील दुसरा मला सर्वांत मार्मिक वाटतो: मुख्य कृती आणि जोडकृती यांचा मिलाफ कितपत परिणामकारक झाला आहे? त्याचे उत्तर देण्यासाठी चित्रफितीतील प्रत्येक वस्तू वेष्टनावर आणि वेष्टनातील प्रत्येक रंग जाहिरातीत आणण्याची गरज नसते. तसे केल्यास तिन्ही कृती एकमेकींच्या निस्तेज नकला होतात. काय कायम ठेवायचे आणि काय बदलू द्यायचे, हे ठरवणे हाच या अभ्यासाचा गाभा. अक्षरांचे वळण, एखादा रंग आणि कलावंताची एक विशिष्ट भावमुद्रा एवढे कायम राहिले, तर दृश्य, कोन, पार्श्वभूमी खुशाल बदलावी.

काळ बदलला आहे, हे मान्य. ‘एनएमई’ या नावाजलेल्या साप्ताहिकाची छापील आवृत्ती २०१८ साली बंद पडली, आणि आजचा श्रोता मुखपृष्ठ पाहतो ते दूरध्वनीच्या पडद्यावर, टपाल तिकिटाहून फारसे मोठे नसलेल्या आकारात. पण जागा जितकी आकुंचित, तितकी निवड काटेकोर करावी लागते, आणि एका फुटाच्या चौरसात खपून गेलेला गोंधळ तिकिटाएवढ्या जागेत खपत नाही. तेव्हा कोणत्याही विद्यार्थ्याने आपले काम सादर करण्यापूर्वी एक सोपी कसोटी लावून पाहावी: वेष्टन, जाहिरात आणि चित्रफितीतील एक दृश्य, यांवरची सारी नावे झाकून, इतरांच्या कामांत मिसळून, गाणे न ऐकलेल्या माणसापुढे ठेवावीत. त्याने तिन्हींची जुळणी बिनचूक केली, तर प्रसिद्धिसंच तयार झाला. नाही केली, तर चित्रे सुंदर असली तरी ती तीन निरनिराळ्या गाण्यांची आहेत असे समजून पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी.