जुनी जीप घेताय? आधी तिचे कूळ तपासा

गळीत हंगाम संपून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या सभासद बंधूंच्या मनात निरनिराळे बेत सुरू होतात. कोणी पाइपलाइन करतो, कोणी घराला स्लॅब टाकतो. अलीकडे काही हौशी मंडळींना जुन्या मोटारींचा नाद लागला आहे. हौसेला मोल नाही हे खरे. परंतु बारा-पंधरा महिने राबून मिळालेल्या पैशाला मोल आहे. म्हणून चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटले.

आमच्या गटातील एक सभासद कामानिमित्त भिवंडीस गेले होते. तिथे एका गोदामामागे ताडपत्रीखाली झाकलेली जीप त्यांच्या नजरेस पडली. विकणाऱ्याने सांगितले, "दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज आहे, असा माल पुन्हा मिळायचा नाही. आज इसार द्या, कागद मागाहून होतील." सभासदांनी इसार देण्याअगोदर आम्हांस फोन केला, हे फार बरे केले. गावचा मिस्त्री बरोबर घेऊन आम्ही भिवंडी गाठली.

को 86032 म्हणून बेणे विकणारा प्रत्येक जण तेच बेणे देतो असे नाही. आपण कांडे पाहतो, डोळा पाहतो, मगच बेणे उचलतो. जीपचेही तसेच आहे. 1941 ते 1945 या काळात विलीज व फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर युद्धाच्या जीपा बनविल्या. या जीपेचे बॉनेट बसके असते. पुढच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. दिवे जाळीच्या आत बसविलेले असून ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. मागे उघडणारे फळके नसते. पुढच्या बंपरामागे चासीची आडवी दांडी पाहावी. ती गोल नळीसारखी असेल तर विलीज, पन्हाळीसारखी असेल तर फोर्ड. फोर्डच्या नटबोल्टांवर इंग्रजी 'एफ' अक्षर उठविलेले आढळते. नागरी वापराच्या जीपेला सात फटी, मोठे दिवे आणि मागे फळके येते.

भिवंडीच्या जीपेला फटी सात होत्या आणि बॉनेट चांगले उंच होते. हे उंच बॉनेट म्हणजे सी. जे. 3 बी या जातीची खूण. विलीजने 1953 साली ही जीप काढली. तिचे नवे इंजिन पूर्वीपेक्षा उंच असल्याने बॉनेट वर उचलावे लागले. पुढे महिंद्र कंपनीने हीच जीप परवान्याने आपल्या देशात पुष्कळ वर्षे बनविली. तेव्हा गाडी जुनी खरी, पण युद्धातली नव्हे. मिस्त्रीने बॉनेट उघडले तर आत पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन! आर. सी. बुकात मात्र इंधन पेट्रोल लिहिलेले, आणि इंजिनाचा नंबरही जुळेना.

इथे कायद्याचा मुद्दा येतो. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. मात्र चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या रानातल्या फेऱ्यांसाठी ती नाही. इंजिन बदललेल्या या जीपेला तो दर्जा मिळणे अवघड, मग त्या दर्जाची किंमत कशासाठी मोजायची?

विकणारा म्हणाला, "आधी तुमच्या खर्चाने गाडी दुरुस्त करून घ्या, चालली तर सौदा करू." हे तर दुसऱ्याच्या रानात आपले खत टाकण्यासारखे! नाव बदलल्याशिवाय गाडीवर एक रुपयाही घालू नये. सभासदांनी "आधी कागद नीट करा, मग साध्या जुन्या जीपेचा भाव देतो" असे स्पष्ट सांगितले. विकणारा राजी झाला नाही. मंडळी रिकाम्या हाताने, पण भरल्या खिशाने परतली.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. चासी नंबर व इंजिन नंबर स्वतः घासून वाचावा व आर. सी. बुकाशी ताडून पाहावा. सातबाऱ्यावर पाहतो तसा गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हेही आर. टी. ओ. कडे पाहावे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते व पुढे दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, ती केली आहे का विचारावे.

2. लोहचुंबक बरोबर न्यावा. तो जिथे चिकटत नाही तिथे पत्रा कुजलेला असून वर लांबी भरली आहे असे समजावे. चासीखाली आडवे होऊन गंज पाहावा. रंगाला भुलू नये.

3. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला एकदम सेल्फ मारू नये. पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे व मग हाताने हँडल फिरवून पाहावे. ऑइल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी गेले आहे असे जाणावे.

4. दुरुस्तीत पहिला मान ब्रेकला, मग स्टिअरिंग व टायरला. रंग सर्वांत शेवटी. हा सारा अंदाज मिस्त्रीकडून लेखी घेऊन गाडीच्या किमतीत मिळवावा आणि मगच भाव बोलावा.

5. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसातून ते तयार होते, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व गॅस्केट त्याने लवकर खराब होतात आणि टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो. तेव्हा टाकी धुऊन इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये, ते पाणी ओढते.

हौस जरूर करावी. चांगली राखलेली जुनी गाडी ही गावाची शोभा आहे. परंतु लागवडीचे, खताचे व सोसायटीचे पैसे बाजूला काढून जे उरेल त्यातच ती बसवावी. गाडी एक हंगाम थांबू शकते, खोडव्याचे खत थांबू शकत नाही.